परत आलेला प्रबंध

एप्रिल महिना आला की वस्तीवस्तीत निळे फलक लागतात. कोट-टाय घातलेल्या बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली पदव्यांची रांग. बी.ए., एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अॅट-लॉ. शेंबडे पोरसुद्धा ही रांग एका दमात म्हणून दाखवते. आम्हाला त्याचा अभिमान आहे आणि तो असलाच पाहिजे. ज्या समाजाच्या लेकराला वर्गात गोणपाटावर वेगळे बसवले गेले, त्या समाजाच्या माणसाने मिळवलेली ही रांग आहे.

परंतु फलकावर एक गोष्ट कधीच लिहिलेली नसते. या रांगेतील डी.एस्सी. ही पदवी बाबासाहेबांना पहिल्या खेपेला मिळालेली नाही. मार्च १९२३ मध्ये लंडनच्या परीक्षकांनी त्यांचा प्रबंध स्वीकारला नाही. तो परत आला. आणि कोलंबियाची पीएच.डी.? अभ्यासक्रम संपवून बाबासाहेबांनी न्यूयॉर्क सोडले १९१६ साली आणि पदवी हाती पडली १९२७ साली. मध्ये अकरा वर्षे गेली.

ही गोष्ट आम्ही आज मुद्दाम सांगत आहोत. आमच्याकडे संशोधन करणारी आपली मुले-मुली येतात. कुणाचे प्रकरण मार्गदर्शकाने तिसऱ्यांदा परत केलेले असते. कुणाची फेलोशिप अडकलेली असते. कुणाला मौखिक परीक्षेच्या, म्हणजे व्हायवाच्या नुसत्या नावाने घाम फुटतो. आपण कमी पडलो, आपल्याला हे झेपणारे नाही, असे त्यांच्या मनाने घेतलेले असते. काही जण तेथेच थांबतात. पुढे फलकावरची ती रांग त्यांना प्रेरणा देत नाही, उलट लाजवते. म्हणून त्या रांगेमागची खरी हकिकत त्यांना माहीत असलीच पाहिजे.

सुरुवात १९१३ पासून करू. त्या वर्षी २ फेब्रुवारीला सुभेदार रामजी सकपाळ गेले. लेकाच्या पुस्तकासाठी लेकीचा दागिना गहाण टाकायला मागेपुढे न पाहणारा हा बाप. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तरुण भीमरावांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय. जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. १९१५ मध्ये एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. आणि जून १९१६ मध्ये त्यांनी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध पूर्ण केला. त्यांचे गुरू होते प्राध्यापक सेलिग्मन, कररचनेच्या विषयात जगभर नाव असलेले विद्वान.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. त्या काळी कोलंबियात प्रबंध लिहून भागत नसे. तो स्वतः छापून घ्यायचा, छापील प्रती विद्यापीठात जमा करायच्या आणि मग पीएच.डी. मिळायची. विद्या तयार होती, पण छपाईला पैसा हवा होता. महिना साडेअकरा पौंडांत स्वतः जगून घरी पैसे पाठवणाऱ्या विद्यार्थ्याकडे तो कुठून येणार? श्रीमंताच्या पोरासाठी हा नियम म्हणजे कागदी सोपस्कार होता. आमच्या माणसाला त्या नियमाने अकरा वर्षे थांबवले.

१९१६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, असे दोन्ही अभ्यास त्यांनी एकदम सुरू केले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याचे बोलावणे आले. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने विद्यापीठाकडून एवढी परवानगी मिळाली, की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. ती परवानगी खिशात घालून १९१७ मध्ये ते मायदेशी निघाले. पहिल्या महायुद्धाचा काळ. सामान आणि पुस्तके दुसऱ्या जहाजाने पाठवली होती. ते जहाज पाणतीराने बुडवले. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पोटाला चिमटा काढून घेतलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. आणि त्यांच्याबरोबर प्रबंधाचे हस्तलिखितही गेले.

वाचकांनी क्षणभर विचार करावा. आज संगणक बंद पडला आणि एक प्रकरण पुसले गेले तर विद्यार्थी आठवडाभर जेवत नाही. येथे आख्खा प्रबंध गेला. झेरॉक्स नव्हती. हाताने लिहिलेले सगळे गेले.

त्यानंतर बडोद्यात काय झाले ते या वर्तमानपत्राच्या वाचकाला सांगावे लागत नाही. परदेशातून एम.ए. होऊन आलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई लांबून फायली फेकत. राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईला परतून त्यांनी शिकवण्या केल्या. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार महिना ४५० रुपये. त्या पगारातून परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत रमाईने काटकसरीने संसार केला आणि बाबासाहेबांनी लंडनसाठी पै पै बाजूला टाकली. याच काळात ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि राजर्षी शाहू महाराजांनी समाजाला त्याचा पुढारी दाखवून दिला.

पुढारीपण असे चालून आलेले असताना दुसरा कुणी असता तर अर्धवट अभ्यासाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नसते. सभा होत्या, हार होते, संस्थानिकाचा पाठिंबा होता. बाबासाहेबांनी जुलै १९२० मध्ये बोट पकडली. कारण चार वर्षांची मुदत संपत आली होती. गाठीला स्वतःची बचत होती, शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार रुपये होते आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज होते. ज्या धर्मशाळेतून हाकलले ती पारशांची आणि ज्याने कर्ज दिले तो मित्रही पारशीच. माणूस जातीवरून ओळखू नये हे बाबासाहेब केवळ पुस्तकातून शिकले नव्हते.

लंडनमधील ती तीन वर्षे म्हणजे तपश्चर्या. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताना आत जायचे आणि ते बंद होताना बाहेर पडायचे. दुपारच्या जेवणाची चैन नाही. रात्री खोलीवर पुन्हा वाचन. जून १९२१ मध्ये प्रांतिक वित्तावरच्या प्रबंधाला एम.एस्सी. मिळाली. जून १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. त्याच्या आधी महिनाभर, ६ मे १९२२ रोजी, मुंबईत शाहू महाराज गेले होते. आधार तुटला, पण अभ्यास थांबला नाही. डी.एस्सी.चा प्रबंध लिहून झाला. विषय होता भारतीय रुपया.

हा विषय त्यांनी का घेतला? आमच्यातले पुष्कळ जण असे समजतात की रुपयाचा जातीशी आणि गरिबीशी संबंध नाही, तो व्यापाऱ्यांचा विषय आहे. ही मोठी चूक आहे. १८९३ पर्यंत कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जाई आणि तिचे रुपये पाडून आणी. १८९३ मध्ये सरकारने लोकांसाठी टांकसाळी बंद केल्या. रुपये पाडायचा अधिकार फक्त सरकारकडे उरला. पुढे जी पद्धत रूढ झाली तिला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. देशात रुपया चालवायचा आणि त्याचा इंग्रजी पैशाशी असलेला भाव लंडनमध्ये बसून सांभाळायचा, अशी ही पद्धत. केन्स या नामांकित इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये ग्रंथ लिहून तिची वाखाणणी केली होती. महायुद्धात महागाई भडकली. १९२० मध्ये सरकारने रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरवला आणि तो सरकारला टिकवता आला नाही. प्रश्न असा पेटलेला असताना बाबासाहेब तो हाती घेतात.

त्यांचे म्हणणे आम्ही सोप्या शब्दांत मांडतो. रुपयाचा परदेशातला भाव सांभाळला म्हणजे रुपया स्थिर झाला असे होत नाही. बाजारात त्या रुपयाला किती धान्य येते हे पाहिले पाहिजे. सरकारला हवे तितके रुपये पाडायची मुभा असली की रुपये वाढतात, वस्तू महागतात. मजुरी मात्र त्या वेगाने वाढत नाही. रुपया घसरला की निर्यात करणारा व्यापारी आणि कारखानदार खूश होतो. पण त्याचा तो नफा आभाळातून पडत नाही, तो मजुराच्या पोटातून काढलेला असतो. यावर बाबासाहेबांचा उपाय असा, की रुपये पाडणे सरकारनेही थांबवावे, त्यांची संख्या ठरलेली असावी आणि सोन्याचे नाणे चलनात यावे. सरकारच्या हातातील मोकळीक काढून घ्या, हे त्याचे सार. कमावणाऱ्याच्या घामाची किंमत कुणा साहेबाच्या मर्जीवर ठेवू नका, असे सांगणारा हा प्रबंध. गिरणी कामगारांच्या चाळीतून आलेल्या माणसालाच हे दिसणार!

केन्ससारख्याच्या मताला आव्हान देणारा आणि सरकारी धोरणाची चिरफाड करणारा हा प्रबंध मार्च १९२३ मध्ये स्वीकारला गेला नाही. तो साम्राज्याविरुद्ध होता म्हणून परत केला, असे आपल्याकडे नेहमी सांगितले जाते. लंडन स्कूलमध्ये बाबासाहेबांची विद्यार्थी म्हणून जी फाईल आहे तिच्यात मात्र तसा उल्लेख सापडत नाही. कारण काहीही असो, निकाल एकच होता. पुन्हा लिहा.

आता परिस्थिती पाहा. पैसे संपलेले. लंडनमध्ये राहून दुरुस्ती करण्याची सोय नाही. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले. डोक्यावर कर्ज. घरात खाणारी तोंडे. जुलैत उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे खटला घेऊन येतो कोण? अशा दिवसांत त्यांनी प्रबंध पुन्हा हाती घेतला. ऑगस्ट १९२३ मध्ये सुधारलेला प्रबंध लंडनला गेला. नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला आणि डिसेंबरमध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनाने तो ग्रंथरूपाने बाजारात आणला. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. अर्पणपत्रिका आई-वडिलांच्या स्मृतीला.

परत आलेला प्रबंध पाच महिन्यांत उभा राहिला. पण आम्हाला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. छापील ग्रंथ उघडून पाहा. सुवर्ण विनिमय परिमाणाविरुद्धचा त्यांचा निष्कर्ष जागच्या जागी आहे. मांडणी बदलली असेल, भाषा सौम्य झाली असेल, पण म्हणणे सोडलेले नाही. परीक्षकाचे ऐकणे वेगळे आणि परीक्षकापुढे वाकणे वेगळे, हा फरक येथे शिकावा.

आणि गुरूही कसा? कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात स्पष्ट नमूद केले की लेखकाची पुष्कळ मते आपल्याला पटत नाहीत. तरीही ग्रंथातील ताजेपणाचे त्यांनी कौतुक केले. मत पटत नाही म्हणून विद्यार्थ्याचे पाय ओढले नाहीत. आज आपल्या विद्यापीठांत जातीवर संशोधन करतो म्हटले की विषय बदलायला सांगणारे मार्गदर्शक आहेत. त्यांनी ती प्रस्तावना एकदा वाचावी.

कोलंबियाचे काम अजून राहिलेच होते. हस्तलिखित समुद्रात गेले म्हणून त्यांनी तो नाद सोडला नाही. सरकारचा पैसा कुठून येतो, केंद्र आणि प्रांत यांत तो कसा वाटला जातो, हा विषय त्यांनी १८३३ पासून थेट १९२१ पर्यंत आणला. १९२५ मध्ये त्याच प्रकाशनाने 'द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' हा ग्रंथ काढला. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीरावांना. छापील प्रती न्यूयॉर्कला पोचल्या आणि जून १९२७ मध्ये पीएच.डी. मिळाली. त्या वर्षाच्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले गेले होते. डिसेंबरमध्ये मनुस्मृती जळाली. मध्ये ही पदवी आली. चळवळ आणि अभ्यास या दोन गोष्टी एका वेळी होत नाहीत म्हणणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावे.

राहता राहिली मौखिक परीक्षा. प्रबंधाचा बचाव चार भिंतींच्या आत, दोन-तीन प्राध्यापकांपुढे होतो. बाबासाहेबांच्या वाट्याला त्याहून मोठी परीक्षा आली. भारताच्या चलनाचा विचार करण्यासाठी १९२५ मध्ये शाही आयोग नेमला गेला. हिल्टन यंग आयोग म्हणून तो ओळखला जातो. त्याच्यापुढे १५ डिसेंबर १९२५ रोजी डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली. त्यांनी लेखी निवेदन दिले आणि तोंडी प्रश्नांना उत्तरे दिली. समोर साम्राज्याने नेमलेले तज्ज्ञ आणि उत्तर देणारा अस्पृश्य समाजातला ३४ वर्षांचा माणूस. जे प्रबंधात लिहिले तेच त्यांनी तेथे ठामपणे मांडले.

आयोगाने सोन्याच्या नाण्याची त्यांची सूचना स्वीकारली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि पुढे १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. आपल्या सभांत रिझर्व्ह बँकेचे नाव घेतले की टाळ्या पडतात. पण ज्या ग्रंथाच्या जोरावर बाबासाहेब त्या आयोगापुढे उभे राहिले, तो टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी उघडला आहे? महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये हे सगळे अर्थशास्त्रीय लेखन सहाव्या खंडात छापले. तो खंड विहाराच्या कपाटात आहे का, आणि असला तर त्याची पाने मोकळी झाली आहेत का, हे ज्याचे त्याने पाहावे.

व्हायवाला निघालेल्या आमच्या मुला-मुलींना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. बाबासाहेबांनी आधी विरोधकाचे म्हणणे मुळातून वाचले. फाउलर समिती असो की चेंबरलेन आयोग, सरकारचेच अहवाल आणि सरकारचेच आकडे काढून सरकारला उत्तर दिले. तुमच्या प्रबंधातील प्रत्येक आकडा कुठून आला हे तुम्हाला झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजे. तुमच्या विरुद्ध जाणारा सगळ्यांत भक्कम मुद्दा तुम्हीच आधी शोधून ठेवला पाहिजे. दुरुस्ती सांगितली तर अपमान मानू नका, वही काढा आणि लिहून घ्या. चूक असेल तेथे बदला. म्हणणे खरे असेल तेथे हलू नका.

पण सगळे ओझे विद्यार्थ्याच्याच डोक्यावर टाकून आम्हाला मोकळे होता येणार नाही. फेलोशिपसाठी आपल्या संशोधकांना आझाद मैदानात बसावे लागले आहे. हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला हा पीएच.डी.चा विद्यार्थी १७ जानेवारी २०१६ रोजी आपल्यातून गेला. त्याची फेलोशिप महिनोन्महिने अडली होती. व्यवस्थेशी लढावेच लागेल. त्याबरोबर आपण काय करतो तेही पाहावे लागेल. बाबासाहेबांच्या मागे सयाजीराव होते, शाहू महाराज होते, भथेना होते, चाळीत एकटी रमाई होती. आज वस्तीतल्या संशोधकामागे कोण आहे? एका रात्रीच्या डीजेला जो खर्च येतो त्यात एका प्रबंधाचे टायपिंग, छपाई, बांधणी आणि विद्यापीठाची फी भागून पैसे उरतात. प्रत्येक जयंती समितीने वर्षाला एका विद्यार्थ्याची एवढी जबाबदारी घ्यावी. त्याच्या घरच्यांना सांगावे की पोरगा रिकामा बसलेला नाही. व्हायवाच्या दिवशी चार माणसांनी त्याच्याबरोबर जावे आणि मागच्या बाकावर शांत बसावे. आपली माणसे सोबत आहेत एवढे दिसले तरी त्याचा आवाज कापणार नाही.

आणि पुढच्या एप्रिलमध्ये फलक लावताना पदव्यांच्या रांगेखाली आणखी एक ओळ घालावी. प्रबंध परत आला होता, बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहिला. आमच्या वस्तीतल्या ज्या मुलीचे प्रकरण काल परत आले आहे, तिने ती ओळ वाचली पाहिजे.

जयभीम!